क्ष-किरणांनी वाचलेली ताऱ्याची राख



इंदूर नगरीस क्ष-किरणांचा परिचय केवळ रुग्णालयातून झालेला नाही. १९८४ साली येथे ज्याची कोनशिला बसली, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' हे यंत्र आहे. त्याच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयात प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळविले जातात आणि त्यांतून तीव्र क्ष-किरण निघतात. ते एखाद्या नमुन्यावर पडले, की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण देते. लोहाची खूण निराळी, कॅल्शियमची निराळी. त्यावरून नमुन्यात काय आहे, हे ओळखता येते.

आकाशातही मूलद्रव्यांच्या खुणा याच असतात. शर्मिष्ठा तारकासमूहात, सुमारे ११,००० प्रकाशवर्षे दूर, एका प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाला. त्याचा प्रकाश शिवराज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या आगेमागे पृथ्वीवर पोहोचला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या ताऱ्याचे द्रव्य आजही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पसरत आहे. सभोवतालच्या विरळ वायूशी होणाऱ्या संघर्षात ते कोट्यवधी अंशांपर्यंत तापते. अशा उष्णतेत अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. हा प्लाझ्मा स्वतःच क्ष-किरण बाहेर टाकतो.

पृथ्वीचे वातावरण हे किरण अडविते. जीवसृष्टीस ते उपकारक असले, तरी वेध घेण्यासाठी उपकरणे अवकाशातच न्यावी लागतात. भारताने २०१५ साली 'अ‍ॅस्ट्रोसॅट' आणि १ जानेवारी २०२४ रोजी 'एक्सपोसॅट' हे उपग्रह सोडले. 'एक्सपोसॅट'वर बंगळूरच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने तयार केलेले 'एक्सस्पेक्ट' हे उपकरण आहे. त्याने त्याच महिन्यात शर्मिष्ठेतील या अवशेषाचा वेध घेतला. मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, अर्गॉन, कॅल्शियम व लोह यांच्या खुणा त्यात उमटल्या.

जनतेच्या पैशातून होणाऱ्या या कार्याचा उपयोग काय, असे नागरिकाने विचारणे रास्तच आहे. नांगराच्या फाळातील व रक्तातील लोह, हाडांतील कॅल्शियम ही द्रव्ये पृथ्वीवर निर्माण झालेली नाहीत. सूर्याच्या जन्मापूर्वी ती ताऱ्यांत व त्यांच्या स्फोटांत घडली आणि अवकाशात विखुरली. हे विधान तर्कावर सोडून न देता, कोणते द्रव्य कोठे व किती आहे हे मोजण्याचे साधन क्ष-किरणांच्या वेधांनी मिळाले आहे. अनेक शतके केवळ कल्पनेचा विषय असलेला हा प्रश्न त्यामुळे परीक्षेच्या कक्षेत आला.

शिक्षकांनी डिसेंबरच्या सायंकाळी उत्तरेस उंचावर दिसणारी, इंग्रजी 'एम' अक्षराच्या आकाराची शर्मिष्ठा मुलांना अवश्य दाखवावी. तो अवशेष नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. परंतु आपल्या शरीरातील लोह कोठून आले, हा प्रश्न मुलांना त्या दिशेकडे पाहताना नक्कीच पडेल.