स्टॉकहोममध्ये एक दिवस

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम ही १४ बेटांवर वसली आहे. तिथं एकच दिवस हाताशी असेल, तर राजवाड्यापाशी फार रेंगाळू नका. जुन्या शहराच्या अरुंद बोळांतून एक फेरी मारा आणि बोटीनं यूरगोर्डन बेट गाठा.

तिथं 'वासा' हे लढाऊ जहाज ठेवलं आहे. १६२८ साली ते पहिल्याच सफरीत, बंदरातच कलंडून बुडालं. बूड अरुंद, वर तोफांचा भार. निघण्याआधी तीस माणसं डेकवर इकडून तिकडे पळवून पाहिली, तेव्हाच ते डुलू लागलं होतं; पण राजाला सांगणार कोण? १९६१ मध्ये ते वर काढलं.

जवळच स्कान्सेन आहे. जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताहेत, हे पाहून आर्तुर हासेलियुस यांनी ठिकठिकाणची शेतकऱ्यांची घरं उचलून इथं पुन्हा उभी केली आणि १८९१ मध्ये ती लोकांना खुली केली. त्यांत शाळाही आहे. मास्तरांनी तर अर्धा दिवस इथंच काढावा.

जेवायला मुरवलेला हेरिंग मासा, उकडलेले बटाटे आणि रायची कडक, वाळवलेली भाकरी. तिला मधोमध भोक असतं; पूर्वी काठीत ओवून ती आढ्याखाली टांगीत. मासे वर्ज्य असतील त्यांनी बटाटे-भाकरीवर भागवावं!

दुपारच्या कॉफीला तिथं 'फीका' म्हणतात. नाव असलं, तरी कॉफी चांगली कडक असते, आणि सोबतच्या गोड पावाला आपल्या ओळखीच्या वेलदोड्याचा वास येतो. जूनमध्ये गेलात तर रात्री दहापर्यंत उजेड असतो, सावकाश प्या.