घरटं जागेवर राहू दे



आपली वसंत व्याख्यानमाला सुरू होते, तोवर कोकणातला कासवांचा हंगाम सरत आलेला असतो. तुमच्यापैकी काहीजण मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन आलेही असतील. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसं काढून न्यायची. उरलीसुरली कुत्री-कोल्हे उकरायचे. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले आणि अंडी राखण्यात चार पैसे आहेत, हे गावाला हिशेबानेच पटलं.

ही व्यवस्था चालते कशी? ओडिशात गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येला हजारो माद्या एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे मादी एकटीच येते, रात्री, भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. पहाटे घरट्यांची राखण करणारे कासवमित्र तिच्या मागावरून घरटं शोधतात. अंडी काही तासांतच, न उलटता, किनाऱ्यावरच राखणीसाठी घातलेल्या कुंपणातल्या तशाच खड्ड्यात हलवावी लागतात. उशीर झाला तर आतला जीव हलवण्याने दगावतो. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात आणि ती समुद्राकडे निघालेली पाहायला आपण दोरीमागे उभे राहतो.

माझा मुद्दा या कुंपणाबद्दल आहे. कुंपण लागतं, कारण किनारा सुरक्षित नाही. पण अंडी हलवण्यात एक अडचण आहे: पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू जितकी तापलेली, तितक्या माद्या जास्त. म्हणजे घरट्याची जागा आपण बदलली की त्या हिशेबातही आपण हात घालतो. तेव्हा धोका नसेल तिथे घरटं मूळ जागीच राखणं केव्हाही बरं. पण पर्यटनाला कुंपण सोयीचं असतं: ठरलेली जागा, ठरलेली वेळ, समोर पिल्लं. उद्या किनारा सुधारला तरी पाहुण्यांसाठी घरटी हलवत राहण्याचा मोह होईल. संवर्धनाच्या नावाने चाललेला खेळ तिथून सुरू होईल.

म्हणून जबाबदारी पाहुण्याची आधी. पिल्लं दिसलीच पाहिजेत, हा हट्ट सोडा. नोव्हेंबर ते मार्च रात्री पुळणीवर जाऊ नका. मोबाइलच्या उजेडानेही मादी अंडी न घालता परत फिरू शकते. किनाऱ्याकडे तोंड केलेले दिवे पिल्लांना जमिनीकडे ओढतात, तेव्हा समुद्राकाठी झगमगाट मागू नका. वाळूउपसा आणि किनाऱ्यावरच्या भिंती यांविरुद्ध गाव उभं राहिलं, तर त्याच्या बाजूने बोला.

आणि पुढच्या वर्षी घर बुक करण्यासाठी फोन कराल, तेव्हा "पिल्लं कधी दिसतील?" याच्या आधी एक विचारा: "यंदा किती घरटी जागेवरच राखली?" हा आकडा वाढला आणि कुंपणातला घटला, तरी तुम्ही गावात मुक्कामाला जात राहिलात, तर तुमचं पर्यटन कासवाच्या कामी आलं.