संयुक्त खाते आणि आपली सही

(मंडळाच्या दाना ओली येथील मासिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. बँकेत कारकून आहे, शिक्षण बी.कॉम.पर्यंत. दिवसभर लोकांची खाती जुळवतो आणि संध्याकाळी घरी येतो. ‘दलित राजकारण आणि निवडणुकीतली जात’ हा विषय मला का दिला, असे काहींनी विचारले. खरे सांगायचे तर दिला नाही, मीच मागून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो.

2018 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वीची गोष्ट. आपल्यापैकी काहींनी एक निवेदन तयार केले होते. लष्कर भागात मराठी मतदार भरपूर आहेत, तेव्हा पक्षांनी मराठी उमेदवाराचा विचार करावा, असा त्याचा आशय. सह्या गोळा करायचे थोडे काम माझ्याकडेही होते, म्हणून ते कागद बँकेतल्या टेबलावर पडले होते. जेवणाच्या सुट्टीत निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. शेजारच्या काउंटरवरचे सहकारी जाटव समाजाचे, माझ्याहून वयाने मोठे आणि हिशेबात माझ्याहून पक्के. मी सहज बोलून गेलो, “तुमचे काय, तुम्ही लोक जात बघूनच बटण दाबता.” ते चिडले नाहीत. माझ्या टेबलावरचा कागद उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “भाईसाहब, ज़रा ये पढ़कर सुना दीजिए.” मी वाचू लागलो आणि दुसऱ्या ओळीवर थांबलो.

तेव्हापासून हा हिशेब माझ्या मनात जुळलेला नाही. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

1810 साली दौलतराव शिंद्यांनी इथे फौजेचा तळ टाकला, त्याचेच पुढे लष्कर झाले. आपली बहुतेक घराणी त्या फौजेमागे किंवा दरबारामागे इकडे आली. आता दुसरे एक मराठी घर घ्या. मूळ रत्नागिरी जिल्ह्यातले, आंबडव्याचे. घरचे कर्ते इंग्रजांच्या फौजेत सुभेदार. त्या नोकरीमुळे ते आजच्या आपल्याच मध्य प्रदेशात, महू छावणीत राहिले, आणि 14 एप्रिल 1891 रोजी तिथे त्यांना मुलगा झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्यांना आपण बोलण्याच्या ओघात ‘त्यांचे नेते’ म्हणतो, ते फौजेच्या मागे घाट उतरून उत्तरेत आलेल्या मराठी घरातलेच होते. आपल्या वाड्यांतून शिवजयंती, गणेशोत्सव थाटात होतो. महूच्या या मुलाचे नाव मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेत मी क्वचितच पाहिले.

आता मूळ मुद्दा. तो समजायला बँकेतला एक दाखला देतो. काही खाती एकट्याच्या सहीने चालतात. काही संयुक्त असतात आणि त्यांत दोघांची सही लागते. 1932 साली इंग्रज सरकारने अस्पृश्य समाजाला स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी त्यांनीच निवडायचा. गांधीजींनी त्याविरुद्ध येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले आणि 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा सत्तरच्या आसपास होत्या, त्या 148 झाल्या. शिल्लक दुपटीने वाढली, पण खाते संयुक्त झाले. उमेदवार दलित, मतदार मात्र सगळे. आजच्या राखीव जागाही याच तत्त्वावर चालतात. आपल्या शेजारचा डबरा घ्या, भांडेर, गोहद किंवा अंबाह घ्या. तिथे निवडून येणारा अनुसूचित जातीचा असतो, पण त्याला निवडणाऱ्यांत बहुसंख्य मते इतर जातींची असतात.

याचा पहिला फटका खुद्द बाबासाहेबांना बसला. ज्यांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, ते 1952 साली मुंबईतून लोकसभेला हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांच्या पदरी पराभवच आला. विद्वत्तेत किंवा कामात ते कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. खात्यावर दुसरी सही मिळाली नाही, इतकेच.

त्यांच्या पश्चात 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह केले. पण पक्षाचे तुकडे होत गेले. 1972 साली दलित पँथर उभी राहिली, तीही फुटली. तरी एक वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1998 साली रिपब्लिकन नेते एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला, आणि प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले मुंबईतून लोकसभेवर गेले. चारही जागा खुल्या होत्या, राखीव नव्हत्या! घरात एकी आणि बाहेर दुसरी सही असली की काय होते, ते त्या वर्षी दिसले. पुढे एकी टिकली नाही, हा दोष त्यांच्या नेत्यांचा. तो झाकायचे कारण नाही.

उत्तरेतल्या चळवळीचे बीही महाराष्ट्रातच पडले. पंजाबचे कांशीराम पुण्याला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांवरून तिथे झगडा झाला, त्यातून ते या कामात ओढले गेले. नागपूरचे डी. के. खापर्डे त्यांचे जोडीदार. 6 डिसेंबर 1978 रोजी बामसेफ ही कर्मचाऱ्यांची संघटना निघाली. तुमच्या-माझ्यासारखे नोकरदार तिचे सभासद, आणि पगारातून दिलेली वर्गणी हे तिचे भांडवल. 14 एप्रिल 1984 रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. 2007 साली मायावतींनी ब्राह्मणांसकट अनेक जातींना बरोबर घेतले आणि उत्तर प्रदेशात 403 पैकी 206 जागा मिळवल्या. 2022 साली तिथे त्यांची एकच जागा उरली.

आपल्या प्रदेशातही तोच आलेख. 1993 आणि 1998 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत बसपाचे 11-11 आमदार होते. 2008 मध्ये 7, 2013 मध्ये 4, 2018 मध्ये 2 आणि 2023 मध्ये एकही नाही. ग्वाल्हेर-चंबळचे फूलसिंह बरैया एके काळी या पक्षाचे प्रदेशातले मोठे नेते. तेही बाहेर पडले, वेगळा पक्ष काढला, शेवटी काँग्रेसमध्ये गेले. 2020 साली भांडेरच्या पोटनिवडणुकीत ते 161 मतांनी हरले आणि 2023 साली त्याच जागेवर मोठ्या फरकाने जिंकले.

161 हा आकडा लक्षात ठेवा. दुसरा आकडा घरचा आहे. 2018 साली ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल 121 मतांनी लागला. 121 मते म्हणजे दाना ओलीतली तीस-चाळीस घरे! आपल्या निवेदनाची ताकद इथे आहे, हे आपल्याला चांगले ठाऊक असते. म्हणून तर उमेदवार आपल्या हळदीकुंकवालाही येतात. मग दलित वस्तीने हाच हिशेब केला की आपण त्याला जातीयवाद का म्हणतो? आपण मागितले तर ती समाजाची अस्मिता, आणि त्यांनी मागितले तर जातीचे राजकारण. एकाच व्यवहाराची नोंद दोन वह्यांत दोन नावांनी केली, तर लेखापरीक्षक काय शेरा मारील?

कोणी म्हणेल, आपली मागणी भाषेची आहे, जातीची नाही. मान्य. पण एक फरक मोठा आहे. आपल्याला प्रतिनिधी मिळाला नाही तर आपला मान थोडा दुखावतो. त्यांना मिळाला नाही तर काय होते, ते 2018 च्या 2 एप्रिलला आपण पाहिले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यावरील 20 मार्चच्या निकालाविरुद्ध तो बंद होता. ग्वाल्हेर, भिंड आणि मुरैना जिल्ह्यांत माणसे मेली. शहरात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. आपण दारे लावून घरात बसलो. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला. सप्टेंबरमध्ये त्याविरुद्ध सवर्णांचा बंद झाला, आणि सपाक्स नावाचा पक्षही निवडणुकीत उतरला. त्या बंदला मात्र आपल्या ओट्यावर कोणी जातीयवाद म्हटल्याचे मला आठवत नाही. 2025 साली इथल्या उच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसवावा की नाही, यावरून वकिलांतच दोन तट पडले. तेव्हाही आपण गप्पच राहिलो.

मंडळी, मी कोणाला मत द्या हे सांगायला उभा नाही. मायावतींचे पुतळे, तिकीटवाटपाच्या कुरबुरी, जाटव आणि वाल्मीकी यांच्यातली तेढ, यांवर टीका जरूर करावी. पण ती करताना आपलीही वही उघडी ठेवावी.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, 2028 च्या निवडणुकीआधी पुन्हा निवेदन निघाले, तर त्यात मराठी उमेदवार मागण्याऐवजी लष्करचे पाणी, नाले आणि शाळा मागाव्यात आणि शेजारच्या वस्त्यांच्या सह्याही घ्याव्यात. दुसरी, येत्या 14 एप्रिलला याच सभागृहात महूच्या त्या मराठी मुलाची जयंती करावी आणि शेजाऱ्यांना मानाने बोलवावे. तिसरी, दलित उमेदवार पसंत पडला तर केवळ जातीमुळे हात आखडू नये. संयुक्त खात्यावर दुसरी सही आपली आहे.

ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली नाही, कागद खणात सारला आणि विषय बदलला. निवेदनावरची माझी सहीही तशीच राहिली. आज आपल्या सर्वांसमक्ष ती मी मागे घेतो. जयंतीचे निमंत्रण ठरले, तर त्यांच्या घरी ते घेऊन जायचे काम माझ्याकडे द्यावे, एवढी विनंती.

काही अधिक-उणे बोललो असेन तर सांभाळून घ्यावे.