गाईला घास घालण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, छावणीचेच पुढे शहर झाले, आणि शहराला ‘लष्कर’ हे नाव कायमचे चिकटले. अशा छावणीत माणसांच्या शिध्याइतकीच जनावरांच्या दाणावैरणीची चिंता वाहावी लागे. पागेतील घोड्यांना हरभऱ्याची चंदी, तोफा ओढणाऱ्या बैलांना वैरण, आणि ती गोळा करण्यासाठी दूरवर जाणारी कही, या मराठी फौजेच्या रोजच्या गोष्टी होत्या. चंदी एकाएकी वाढविली तर घोड्याला पोटशूळ उठतो, हे पागेतील साध्या मोतद्दारालाही ठाऊक असे. छावणी गेली, पागाही गेल्या. गाई-म्हशी मात्र शहरात राहिल्या. आणि मोतद्दाराला जे ठाऊक होते, त्याचा शहरातील भाविक गृहस्थाला हळूहळू विसर पडला.

पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा घास द्यावयाचा, वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करावयाची, पितृपक्षात पानातील पहिला वाटा गाईसाठी काढून ठेवावयाचा, या चाली मराठी कुटुंबांनी महाराष्ट्रापासून इतक्या दूर येऊनही सांभाळल्या. घासापुरते दिलेले अन्न गाईला बाधत नाही. ‘गोग्रास’ या शब्दातच त्याचे माप आहे. परंतु सणाच्या दिवशी एकाच आळीतील वीस घरांचा नैवेद्य जेव्हा एकाच गाईपुढे येतो, किंवा लग्नाच्या पंगती उठल्यावर उरलेला भात, पुऱ्या आणि मिठाई टोपलीच्या टोपली रस्त्याच्या कडेला रिकामी होते, तेव्हा घासाचा ढीग होतो. पुण्य जोडल्याच्या समाधानात देणारा घरी जातो. दुसऱ्या दिवशी ती गाय मान टाकून बसलेली असते, आणि तिच्या आजाराचा संबंध आदल्या दिवशीच्या पक्वान्नाशी असेल, अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाही.

हे असे का व्हावे, हे कळण्यासाठी गाईच्या पोटाची रचना समजून घेतली पाहिजे. माणसाला एक जठर असते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिले कोठीपोट. नावाप्रमाणेच ती कोठी असून मोठ्या जनावरात तिच्यात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. तिला लागून असलेल्या दुसऱ्या कप्प्याचा आतील पृष्ठभाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो, म्हणून ते जाळीपोट. तिसरे पडदेपोट, त्याच्या पडद्यांतून अन्नातील पाणी शोषले जाते. चौथे ते खरे पोट. माणसाच्या जठराचे काम तेथे चालते. त्यापुढे सुमारे ४० मीटर लांबीचे लहान आतडे असते.

गाय गवतावर जगते असे म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. गवतातील आणि भुशातील धागेदार भाग, ज्याला सेल्युलोज म्हणतात, तो पचविणारा पाचकरस गाईच्या शरीरात मुळी तयारच होत नाही. ते काम कोठीपोटात वस्ती करून असलेले सूक्ष्म जीव करतात. १८४३ साली ग्रुबी आणि डेलाफाँ या संशोधकांनी फ्रान्समध्ये या वस्तीतील हालचाल करणारे आदिजीव प्रथम वर्णन केले. पुढे अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी वायुविरहित स्थितीत वाढणारे हे जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत बसविली, आणि १९६६ साली या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोठीपोटातील चमचाभर द्रवात असे जंतू अब्जावधींनी असतात. सुमारे ३९ अंश सेल्सिअसची ऊब, हवेचा अभाव, भरपूर ओल आणि किंचित आम्लता एवढ्या गोष्टी त्यांना अखंड मिळाव्या लागतात.

गाय त्यांची ही सोय रवंथ करून राखते. घाईघाईने गिळलेली वैरण ती निवांत बसून पुन्हा तोंडात आणते आणि बारीक चघळते. दिवसातील सहा ते आठ तास या कामी जातात आणि दिवसाकाठी शंभर लिटरांहूनही अधिक लाळ पोटात उतरते. या लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार असतात. आंबण्याच्या क्रियेत सतत तयार होणारे आम्ल त्यांच्या योगाने सौम्य होते. म्हणून रवंथ ही गाईची चैन नसून तिचे औषध आहे. मात्र रवंथ होण्यासाठी पोटात लांब, खरबरीत वैरण असावी लागते. मऊ भातावर आणि तळलेल्या पुरीवर रवंथ होत नाही.

जंतूंनी वैरण आंबविली म्हणजे तीन मुख्य आम्ले तयार होतात: ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. ॲसेटिक आम्ल म्हणजे शिरक्याला आंबटपणा देणारेच द्रव्य होय. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीवरील बोटांसारख्या बारीक अंकुरांतून सरळ रक्तात शोषली जातात आणि जनावराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती त्यांच्यापासून मिळते. प्रोपिऑनिक आम्लाची यकृतात साखर होते, तर ॲसेटिक आम्लातून दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग घडतो. शिवाय हे जंतू अन्नाबरोबर वाहत खऱ्या पोटात आणि लहान आतड्यात गेले, की स्वतःच पचून गाईला उत्तम प्रथिने पुरवितात. याचा अर्थ असा की, गव्हाणीत टाकलेली वैरण आधी जंतूंना पोसते आणि ते जंतू गाईला पोसतात. चारा घालणाऱ्याने हा क्रम कधीही विसरू नये.

या व्यवस्थेची किमया पाहावयास लष्करच्या लोकांना दूर जावयास नको. चंबळ-यमुनेच्या बीहडांत, म्हणजे भिंड, मुरैना, ग्वाल्हेर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा-इटावा या मुलखात, भदावरी जातीची म्हैस सापडते. जुन्या भदावर संस्थानावरून तिला हे नाव मिळाले. अंग तांबूस, पाय गव्हाच्या काडाच्या रंगाचे आणि गळ्याखाली दोन पांढरे पट्टे, अशी तिची ओळख. बांधा लहान आणि दूधही बेताचे, दिवसाला चार-पाच लिटर. पण त्या दुधात स्निग्धांश सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास, आणि काही म्हशींत बारा टक्क्यांच्याही वर असतो. गाईच्या दुधात तो चार टक्क्यांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे भदावरीच्या तुपाची ख्याती उगाच नाही, हे पटते. झाशी येथे १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेत या जातीचा कळप राखून तिचा अभ्यास करण्यात येतो. एवढा स्निग्धांश हे तिच्या जातीचे देणे आहे, यात संशय नाही. परंतु बीहडातील रानगवत आणि गव्हाचा भुसा यांतून दुधावर जाड साय आणण्याचे काम तिच्या कोठीपोटातील जंतूच करतात. कोणत्याही जातीच्या जनावराची वैरण तोडून नुसता दाणा वाढविला, तर दुधातील स्निग्धांश उतरतो. त्यामुळे दूध पातळ का झाले, याचे उत्तर कधीकधी पाण्याच्या तांब्यात नसून गव्हाणीत असते.

आता पंगतीच्या ढिगाकडे वळावे. भात, पोळी, पुरी, पुरण, मिठाई यांत पिष्ट आणि साखर भरपूर. ही द्रव्ये जंतूंना सेल्युलोजहून कितीतरी लवकर फस्त करता येतात. गाय असे अन्न एकदम पोटभर खाते तेव्हा पिष्टावर वाढणाऱ्या काही विशिष्ट जंतूंची संख्या काही तासांतच बेसुमार होते आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. दह्याला आंबटपणा देणारे हेच ते आम्ल. लाळेतील क्षार अपुरे पडतात, कोठीपोट अतिशय आंबट होते, आणि धागे पचविणारे जंतू मरू लागतात. त्या आंबट ऐवजाकडे शरीरातील पाणी ओढले जाते. रवंथ थांबते, पोट डबडबते, पातळ हगवण लागते, डोळे खोल जातात आणि जनावर उठेनासे होते. वेळीच उपचार झाला नाही तर एक-दोन दिवसांत ते दगावते. जे अन्न माणसाला पक्वान्न वाटते, ते रोज भुशावर राहणाऱ्या गाईला एकदम मिळाले, तर विषासारखे भिनते.

ग्वाल्हेरच्या लाल टिपारा येथील महानगरपालिकेच्या गोशाळेत शेणापासून इंधनवायू तयार करणारा प्रकल्प २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला. तेथील बंद टाक्यांत, ऊब आणि हवेचा अभाव साधून, जंतूंकडूनच काम करून घेतले जाते. ही कोठीपोटाचीच नक्कल म्हणावी. अशा कोणत्याही टाकीत खरकट्या अन्नाचा भार एकाएकी वाढविला, तर टाकी आंबते आणि वायू बंद पडतो, हे तिच्यावर काम करणारे जाणतात. लोखंडी टाकीविषयी जी दक्षता घेतली जाते, तीच जिवंत टाकीविषयी घेऊ नये, हे नवल होय.

उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकण्याची सवय तर आणखी घातक. गाय वरच्या ओठाने निवडून खात नाही. जिभेने वेटाळून घास ओढते. त्यामुळे पिशवीसकट अन्न पोटात जाते. प्लॅस्टिक कोणत्याही जंतूला पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. वर्षानुवर्षे साचून त्याचा गोळा होतो आणि वैरणीची जागा तो बळकावतो. अशा गाईंच्या पोटातून शस्त्रक्रियेने वीस-वीस किलोंहून अधिक प्लॅस्टिक काढावे लागले आहे. खरकट्यातून गेलेली तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो; हृदय तेथून अगदी जवळ असल्याने ते टोक कधीकधी हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. स्फुरदाच्या कमतरतेने जनावर चिंध्या, हाडे, माती चघळू लागते. ती खोड नसून क्षारमिश्रण देण्याची सूचना असते.

मग करावे काय? ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याने चाऱ्यातील कोणताही बदल दोन-तीन आठवड्यांत, थोडा थोडा करीत घडवावा, म्हणजे जंतूंची नवी वस्ती जमते. साधारण हिशेब असा की, जनावराच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा आहार लागतो. त्यातील दोन तृतीयांश वैरण आणि एक तृतीयांश पेंड-दाणा असावा. थंडीत बरसीम मुबलक मिळतो, पण तो उपाशी पोटी एकटा खाल्ला तर पोट फुगते. म्हणून आधी भुसा घालावा, किंवा भुसा मिसळूनच बरसीम द्यावा. ज्याच्या घरी जनावर नाही, त्याने गोग्रास घासाएवढाच ठेवावा, आणि सणाच्या दिवशी पक्वान्नाऐवजी हिरव्या चाऱ्याची पेंढी द्यावी. पंगतीचे उरलेले चांगले अन्न भुकेल्या माणसाच्या मुखी जावे. बाकीचे खताच्या खड्ड्यात. गाईने जास्त धान्य खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे आणि तो येईपर्यंत तिच्यापुढे दाणा ठेवू नये. घरगुती काढे तोंडात ओतणे टाळावे, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

गाईविषयीची श्रद्धा खरी असेल तर तिला थोड्या ज्ञानाची जोड द्यावयास काय हरकत आहे? पुरणपोळीचा एक घास आणि चाऱ्याची एक पेंढी, एवढ्यात सणही साजरा होतो आणि दुसऱ्या दिवशी गाय रवंथ करीत बसलेलीही दिसते.