औषध चालू असताना परतणारे चढउतार

मधुमेही माणसाची साखर गोळी चालू असतानाही एखाद्या महिन्यात वाढते. तेव्हा घरातील कोणी त्याला बोल लावीत नाही. डॉक्टरांकडे जाऊन औषधाची मात्रा तपासून घेतली जाते. द्विध्रुवी मनोविकाराच्या बाबतीत मात्र उलटे घडते. "गोळ्या घेऊनही पुन्हा तेच," असे म्हणून गोळ्याच बंद होतात, आणि खरा धोका तेथेच सुरू होतो.

या विकारात उन्माद आणि खिन्नता यांचे झटके येतात. मधला काळ बहुधा स्वास्थ्याचा असतो. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम गुणकारी असल्याचे दाखवून दिले. आज इतरही औषधे उपलब्ध आहेत. ही औषधे झटक्यांची संख्या आणि तीव्रता कमी करतात. झटका कधीच येणार नाही, अशी हमी देत नाहीत. म्हणून परतलेला चढउतार हा रुग्णाचा पराभव नव्हे, की औषध निरुपयोगी ठरल्याचा पुरावाही नव्हे.

तालुक्याच्या गावातील एखाद्या शिक्षकाची कल्पना करावी. दोन वर्षे प्रकृती स्थिर आहे. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिका तपासण्यासाठी चार रात्री जागरण होते. पुढे तीन तासांची झोपही त्यास पुरेशी वाटू लागते. बोलणे वाढते, उधारीवर खरेदी सुरू होते. त्याला स्वतःला हा उत्साहच वाटतो. बदल प्रथम ध्यानात येतो तो पत्नीच्या. झोप कमी होणे ही उन्मादाची नेहमीची पूर्वसूचना आहे. या टप्प्यावर डॉक्टरांची गाठ घेतली, तर पुढचा अनर्थ पुष्कळदा टळतो.

यासाठी झोपेचे तास आणि मनःस्थिती यांची रोज दोन ओळींची नोंद ठेवावी. प्रकृती चांगली असतानाच घरात काही गोष्टी ठरवून घ्याव्यात: कोणत्या खुणा दिसताच डॉक्टरांना कळवावयाचे, पैशाचे व्यवहार कोणी पाहावयाचे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचारांविषयीची आपली इच्छा आधीच लेखी नोंदविण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क रुग्णास आहे.

लिथियम घेणाऱ्याने रक्तातील त्याचे प्रमाण वेळोवेळी तपासून घ्यावे. त्यासाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर सुमारे बारा तासांनी दिले जाते. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचीही तपासणी आवश्यक असते. कडक उन्हाळा, जुलाब किंवा उलट्या यांमुळे शरीरातील पाणी घटले, की हे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढते. हातांना जोराची थरथर, तोल जाणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मात्र बरे वाटते म्हणून अथवा निराशेपोटी औषध एकाएकी सोडू नये. तसे केल्यास झटका लवकर उलटतो.

खिन्नतेच्या भरात जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. 'टेली-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या शिक्षकाच्या पत्नीने वहीतील नोंद डॉक्टरांपुढे ठेवली, तर ती तक्रार ठरत नाही. उपचाराचाच तो एक भाग असतो. औषध डॉक्टर देतात. त्याची साथ टिकवून धरण्याचे काम घराचे आहे.