ॲमस्टरडॅमच्या भिंतीवरचं रायबाग

सुरतेच्या डच वखारीतून नीळ आणि कापड जहाजांवर चढे. त्याचा हिशेब मागणारे डच ईस्ट इंडिया कंपनीचे सतरा संचालक मात्र हजारो कोस दूर, हॉलंडात. ॲमस्टरडॅमच्या आपल्या दालनासाठी त्यांनी सुमारे 1662-63 मध्ये आशियातल्या शहरांची मोठी चित्रं रंगवून घेतली. त्यात कोची होतं, कण्णूर होतं, आणि चक्क आदिलशाहीतलं, आजच्या बेळगाव जिल्ह्यातलं रायबागही!

हे रायबाग आकाशातून, घारीच्या नजरेनं पाहिलेलं आहे. मालकाची नजर अशीच वरून पडते. गंमत म्हणजे रायबाग डचांच्या ताब्यात कधी नव्हतंच.

मालकांच्या भिंतींसाठी चित्रं इतरत्रही रंगत होती. त्याच शतकात रोममध्ये चित्रकार क्लोद लोरँ सोनेरी उन्हातली कुरणं आणि निवांत मेंढपाळ रंगवत होता. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे पोप आठवा अर्बन, कार्डिनल, सरदार. त्यांच्या चित्रातल्या जमिनीवर नांगर धरून घामाघूम झालेलं कूळ क्वचितच दिसतं. जमीनदाराला ते घरात टांगायला कशाला हवं?

ही चित्रं दूर युरोपात टांगली गेली; सुरतेत मात्र डचांनी कबरींच्या थाटासाठी इथलाच घुमट निवडला. 1691 मध्ये वारलेल्या, कंपनीचा अधिकारी असलेल्या हेंड्रिक व्हान रेडेची भव्य घुमटाकार कबर शहरातल्या डच दफनभूमीत आजही उभी आहे.