मोटारीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

रात्रीं समोरून मोटार येते आणि क्षणभर रस्ताच नाहींसा होतो. दोष दिव्याच्या प्रखरतेस दिला जातो. पुष्कळदां तो दिव्यांतील प्रकाशाच्या जागेचा असतो.

एच-फोर जातीच्या हॅलोजन दिव्यांत दोन तारा असतात: दूरच्या उजेडासाठीं ६० वॉटची, जवळच्यासाठीं ५५ वॉटची. जवळच्या तारेखालीं धातूची चिमुकली वाटी असते. ती खालच्या बाजूचे किरण अडविते. वरचे किरण परावर्तकावर आदळून रस्त्याकडे उतरतात. तार जरा हलली, कीं ही सारी घडी विस्कटते.

एल्. ई. डी. दिव्यांत तार नसतेच. चपट्या पट्टीच्या दोहों बाजूंस प्रकाश देणारे बारीक तुकडे बसविलेले असतात. वीज थोडी लागते, उजेड पांढरा शुभ्र पडतो, मालक खूष होतो! परंतु ते तुकडे तारेच्या नेमक्या जागीं नसले, तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. शिवाय जवळचा रस्ता लख्ख उजळला, कीं चालकाची बाहुली आकसते व दूरचा पादचारी अंधारांतच राहतो. उजेडाची कड भिंतीवर पाहिल्यास हें तत्काळ कळतें. दुकानांत भिंत कोण दाखवितो?

जर्मनीनें २०२० सालीं अशा बदलास मुभा दिली, तीहि तपासलेल्या दिव्यांस आणि नेमून दिलेल्या मोटारींसच.

उजेड मंद वाटल्यास प्रथम दिव्यापुढील पिवळट पडलेलें आवरण घासून घ्यावें, दिव्यापर्यंत पोंचणारा विजेचा दाब मोजावा. पुष्कळ मोटारींचें काम तेवढ्यानेंच भागतें.